कंटाळा कुणाच्या नावावर?

‘वाट बघावी लागली, रांगेत उभं राहावं लागलं, की मी फार बेचैन होते.’ या वाक्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? 1 ते 7 मधला एक आकडा लिहायचा. 1 म्हणजे अजिबात नाही, 7 म्हणजे अगदी पूर्णपणे. लिहिलात की पुढचं वाक्य: ‘स्वतःचं मन रमवणं मला सोपं जातं.’ मग पुढचं: ‘माझ्या कुवतीपेक्षा खालच्या दर्जाचं काम मी बहुतेक वेळ करत असते.’

अशी 28 वाक्यं आहेत. 1986 साली रिचर्ड फार्मर आणि नॉर्मन संडबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली. एखाद्या माणसाला मुळातच लवकर कंटाळा येतो का, त्याचा तसा पिंड आहे का, हे त्यांना मोजायचं होतं. सुरुवातीला उत्तर फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असं द्यायचं होतं, सात पायऱ्या नंतर आल्या. सगळ्या आकड्यांची बेरीज म्हणजे तुमचा गुणांक: कमीत कमी 28, जास्तीत जास्त 196. कंटाळ्यावरच्या संशोधनात ही प्रश्नावली पुढची तीसेक वर्षं सगळ्यात जास्त वापरली गेली.

माझा तिच्याशी संबंध आला तो भाचीमुळे. ती मानसशास्त्रात एम.ए. करतेय आणि तिच्या प्रबंधाला हा विषय आहे. लोकांकडून भरून घेतलेल्या कागदांचे गठ्ठे ती माझ्याकडे आणते आणि संध्याकाळी आम्ही दोघी मिळून आकडे एक्सेलमध्ये चढवतो. ती वाचते, मी टाइप करते. थोड्या वेळाने अदलाबदल. कागदांवर नाव नसतं, फक्त वय, शिक्षण आणि काय काम करता एवढंच.

या कामात एक मेख आहे. 28 पैकी 10 वाक्यं उलटी आहेत. ‘मी धीराने वाट बघू शकते’, ‘कुठल्याही परिस्थितीत मन गुंतेल असं काहीतरी मला सापडतंच’, ‘मला इतक्या गोष्टींची आवड आहे की वेळ पुरत नाही.’ यांना 7 लिहिणारा माणूस न कंटाळणारा. म्हणून इथले आकडे फिरवून घ्यायचे: 8 मधून लिहिलेला आकडा वजा करायचा. 7 चा 1 होतो, 2 चा 6. उलटी वाक्यं टाकण्यामागे हेतू असा की, न वाचताच आकडे लिहीत सुटलेला माणूस ओळखू यावा. ज्याने वरपासून खालपर्यंत 7 लिहिलेत त्याने ‘मन रमवणं सोपं जातं’ आणि ‘काय करावं ते सुचत नाही’ या दोन्हींना जोरात होकार दिलेला असतो, म्हणजे त्याने वाचलेलं नाही.

पण एके संध्याकाळी एक कागद आला त्यावर वरपासून खालपर्यंत 4. पहिल्या दोन-तीन ओळींत अक्षर वळणदार, मग हळूहळू त्या चारची रेघ तुटत गेलेली, शेवटी शेवटी नुसतीच एक खूण. 8 मधून 4 गेले की 4 च उरतात. उलटी वाक्यं असोत की सुलटी, बेरीज 112, बरोबर मधोमध. एक्सेलच्या दृष्टीने हा माणूस अगदी सर्वसाधारण, कंटाळ्याकडे ना फार झुकलेला ना कमी. भाचीने तो कागद बाजूला काढला, कारण असे कागद बाद करायचे असा नियम आहे, आणि नियम योग्यच आहे. माझी नजर मात्र ‘काम’ या रकान्यावर गेली. तिथे लिहिलं होतं: सुरक्षारक्षक, रात्रपाळी.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले.

फार्मर आणि संडबर्ग यांच्याआधीही कंटाळ्याचं मोजमाप झालं होतं, पण वेगळ्या बाजूने. मार्विन झुकरमन हे माणसाला प्रकाश, आवाज, स्पर्श यांपासून तोडून ठेवलं तर काय होतं, या प्रयोगांवर काम करत होते. काही जण शांत पडून राहायचे, काहींना मिनिटं काढणं अशक्य व्हायचं. त्या फरकाचा माग घेताना त्यांनी 1964 मध्ये उत्तेजनेची ओढ मोजणारी श्रेणी, म्हणजे अशीच एक प्रश्नावली, मांडली. नंतरच्या आवृत्तीत तिचे चार भाग झाले आणि त्यांतला एक कंटाळ्याचा: 40 पैकी 10 प्रश्न. तिथे कंटाळणारा माणूस म्हणजे थराराची भूक असलेला, तोचतोपणा न सोसणारा.

फार्मर आणि संडबर्गना दिसलेलं चित्र निराळं होतं. त्यांच्या श्रेणीवर ज्यांचे गुण जास्त, त्यांच्यात उदासी जास्त, एकटेपणा जास्त, आशा सुटल्याची भावना जास्त, आणि आयुष्याबद्दलचं समाधान कमी. डोंगरकडे चढायला निघालेला धडाडीचा तरुण इथे नाही, इथे दुपारी तीन वाजता पंख्याकडे बघत पडलेलं कुणीतरी आहे. माझ्या मते या प्रश्नावलीने केलेलं हे सगळ्यात मोठं काम. ‘कंटाळा काय सगळ्यांनाच येतो’ म्हणून आपण जी गोष्ट झटकून टाकतो, तिच्याखाली बऱ्याचदा खरं दुखणं असतं, हे तिने आकड्यांनी दाखवून दिलं. पुढे राग, जुगार, दारू, अभ्यासात मागे पडणं अशा कितीतरी गोष्टींशी तिची सांगड तपासली गेली.

एवढं सगळं मोजल्यावरही या 28 वाक्यांत नेमकं काय आहे, यावर अभ्यासकांचं एकमत झालं नाही. उत्तरांचं विश्लेषण करून कुणाला त्यात दोन घटक सापडले, कुणाला पाच, कुणाला आणखी जास्त. त्यातल्या त्यात टिकले ते दोन. बाहेरून काही मिळत नाही म्हणून येणारा कंटाळा हा एक, आणि आतून स्वतःला काही पुरवता येत नाही म्हणून येणारा हा दुसरा. 2017 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले जेम्स डँकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन घटकांचीही उलटतपासणी केली. त्यांच्या लक्षात आलं की या फाटाफुटीला ती उलटी वाक्यंच बरीचशी कारणीभूत आहेत. ‘मन रमवणं सोपं जातं’ याला नाही म्हणणं आणि ‘मन रमवणं अवघड जातं’ याला हो म्हणणं, या दोन गोष्टी गणितात एक असल्या तरी माणसाच्या मनात एक नसतात. म्हणून त्यांनी वाक्यं एकाच दिशेला वळवली, कमकुवत वाक्यं गाळली आणि 8 वाक्यांची छोटी श्रेणी केली. तिच्यात एकच घटक निघतो.

म्हणजे बेसावध माणूस पकडायला टाकलेल्या वाक्यांनी सावध माणसाचं उत्तरही गढूळ केलं होतं. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ तिथेच थांबले. माणसाला त्याच्याचबद्दल विचारणं किती नाजूक काम आहे, हे मला त्या एका दुरुस्तीतून कळलं. आणि तीस वर्षं चाललेल्या साधनावर असं पुन्हा हात ठेवायला किती चिकाटी लागत असेल! डँकर्ट यांनी सांगितलंय की त्यांच्या मोठ्या भावाच्या मेंदूला अपघातात इजा झाली आणि त्यानंतर पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींचाही त्याला कंटाळा येऊ लागला. ते या विषयाकडे वळले त्यामागे ते एक कारण. ज्याने हे घरात बघितलंय तो माणूस कंटाळ्याला आळस म्हणून मोडीत काढणार नाही.

आठ वाक्यांतही जुन्या यादीतलं एक वाक्य टिकून आहे: ‘मला करावी लागणारी बरीच कामं तीच ती आणि एकसुरी असतात.’ माझी सगळी अडचण या वाक्यापाशी आहे.

माझी आत्या सावंतवाडीजवळ राहते आणि काजूच्या कारखान्यात कामाला जायची. आता गुडघ्यांमुळे थांबली आहे. गणपतीला गेले तेव्हा प्रश्नावली सोबत होती. तिला मी एकेक वाक्य वाचून दाखवलं, भाचीच्या गठ्ठ्यासाठी नव्हे, मला स्वतःला ऐकायचं होतं म्हणून. तिचं काम मी लहानपणी पाहिलंय. वाफवलेली बी कात्रीच्या पात्यांत नेमकी उभी धरायची, पायाने पट्टी दाबायची, हाताने दांडा ओढायचा. टरफल दुभंगलं की बारीक सुरीच्या टोकाने गर अख्खा बाहेर काढायचा. गर मोडला तर तो तुकड्यात जाणार आणि त्याचा भाव कमी. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना तेल चोपडून बसायचं, तरी बोटांची टोकं काळी पडायची ती पडायचीच. मग पुढची बी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुढची बी.

‘मी धीराने वाट बघू शकते’ या वाक्याला तिने उलट विचारलं, “खंय? एस्टीची की डाक्टराची?” कुवतीपेक्षा खालच्या कामाचं वाक्य आलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “सातवीत माजो पयलो नंबर इल्लो.” आठवीची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. तिने आकडा सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

मग ते एकसुऱ्या कामाचं वाक्य. मी विचारलं, “आते, कंटाळो येय नाय?”

“येता तर! रोज येता. म्हणान काय काम सोडूचा?”

कष्ट करणाऱ्या माणसाला कंटाळा शिवत नाही असं आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. मलाही तशाच उत्तराची सवय आहे, आपल्याकडच्या भाषणांत ते नेहमी असतं. आत्याने ते दिलं नाही. तिला कंटाळा आला, रोज आला, वर्षानुवर्षं आला, आणि तो घेऊन ती बसली. तिचे सगळे आकडे लिहिले तर गुणांक बराच वर जाईल. मग तिचा पिंड कंटाळ्याचा? जिने हजारो बिया न मोडता सोलल्या, जी अजून पहाटे उठून अबोलीच्या रोपांशी बोलते, तिला ‘कंटाळाप्रवण’ हा शब्द चिकटवताना माझा हात थांबतो. त्या वाक्याला तिने दिलेला होकार तिच्या स्वभावाचा होता की त्या कात्रीचा?

ताप मोजताना तापमापक खोटं बोलत नाही, पण जंतुसंसर्गाने अंग तापलंय की माणूस भर उन्हात उभा आहे, हेही तो सांगत नाही. 28 वाक्यांची ही बेरीज मला तशीच वाटते. कंटाळा आहे, हे ती खरं सांगते. तो कुणाच्या नावावर मांडायचा, हे तिला ठाऊक नसतं, आणि आपण मात्र तो सरळ माणसाच्या नावावर मांडून मोकळे होतो.

लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. 1985 ते 1988 या काळात 35 ते 55 वयाच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या आणि त्यांत कंटाळ्याबद्दलही प्रश्न होता. 2009 पर्यंत त्यांच्यापैकी कोण हयात आहे, हे तपासलं गेलं. 2010 मध्ये ॲनी ब्रिटन आणि मार्टिन शिप्ली यांनी 7 हजारांहून अधिक जणांच्या नोंदींवरून लिहिलं की, फार कंटाळा येतो असं सांगणाऱ्यांत हृदयविकाराने झालेले मृत्यू जास्त आढळले. वर्तमानपत्रांनी ‘कंटाळ्याने मरण’ असे मथळे चालवले. पण त्याच टिपणात पुढे आहे की कंटाळा सांगणाऱ्यांत खालच्या श्रेणीतले कर्मचारी जास्त होते, स्त्रिया जास्त होत्या, मुळातच तब्येत बरी नसणारे जास्त होते. नोकरीतली श्रेणी, तब्येत आणि शारीरिक हालचाल यांचा हिशेब धरला की कंटाळा आणि मृत्यू यांचा संबंध बराच फिका होतो. मथळ्यात माणूस आणि त्याचा कंटाळा एवढंच आलं. त्याची खुर्ची कुठल्या मजल्यावर होती, ते आलं नाही.

अमेरिकेत 2017 मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तर आयुष्यभराचा गोळाबेरीज प्रश्न टाळून वेगळी वाट धरली. जवळपास 4 हजार प्रौढांना दहा दिवस फोनवरून पुन्हा पुन्हा विचारलं: या घडीला काय करताय, कसं वाटतंय? दहा लाखांहून जास्त उत्तरं जमली. 63 टक्के लोकांनी त्या दहा दिवसांत एकदा तरी कंटाळा नोंदवला. पुरुषांत तो जास्त, तरुणांत जास्त, अविवाहितांत जास्त, कमी उत्पन्न असलेल्यांत जास्त. लंडनच्या कचेरीत स्त्रिया जास्त, इथे पुरुष जास्त. मला यात विसंगती वाटत नाही. कुठल्या जागी कुणाला बसवलं होतं, हे विचारल्याशिवाय ‘कुणाला जास्त कंटाळा येतो’ या प्रश्नाला उत्तरच नाही, असं मला यातून दिसतं.

संशोधकांना हे कळत नाही असं मुळीच नाही. टोरांटोतल्या यॉर्क विद्यापीठातले जॉन ईस्टवुड आणि सहकाऱ्यांनी स्वभावाऐवजी त्या क्षणीचा कंटाळा मोजायला 29 वाक्यांची निराळी श्रेणी केली. त्यात ‘आत्ता’ विचारतात: आत्ता वेळ सरकत नाहीये का, मन ठिकाणावर नाही का, आतून चुळबुळ होतेय की गळून गेल्यासारखं वाटतंय? हा शेवटचा फरक मला फार मोलाचा वाटतो. दोन माणसं एकाच खोलीत सारखीच कंटाळलेली असू शकतात, पण एक पाय हलवत असतो, खुर्ची सरकवतो, दार उघडून बघतो, आणि दुसरा दिसेनासा होत जातो. शाळेत पहिल्याला शिक्षा होते आणि दुसऱ्याला ‘शहाणं बाळ’ म्हणतात. दुसऱ्याची काळजी जास्त करायला हवी.

ईस्टवुड आणि इतर काही सहकाऱ्यांनी 2012 मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या केली तिचा आशय असा: मन लावून समाधानाचं काही करावंसं वाटतं, पण ते करता येत नाही, आणि ही अवस्था नकोशी वाटते. करावंसं वाटतं, हा त्यातला भाग आपण विसरतो. कंटाळलेला माणूस निरिच्छ नसतो. त्याला काहीतरी हवं असतं, हे त्या 28 वाक्यांतून कुठे तितक्या ठसठशीतपणे येत नाही.

एवढं बोलून मी असं म्हणत नाहीये की सगळा दोष परिस्थितीचाच. तसं म्हणणं सोपं आहे आणि खरं नाही. 28 वाक्यांच्या त्या श्रेणीवर आठवड्याने पुन्हा विचारलं तरी माणसांची उत्तरं बरीचशी तशीच येतात, म्हणजे टिकून राहणारं काहीतरी आत आहे. लक्ष एका जागी धरून ठेवण्याची ताकद माणसामाणसांत वेगळी असते. आणि काही कंटाळा आपण खरोखर स्वतः वाढवतो: टोरांटो विद्यापीठात झालेल्या 2024 च्या प्रयोगांत, कंटाळा टाळायला एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्यांना उलट जास्तच कंटाळा आला. एकच व्हिडिओ धरून बसलेल्यांना कमी. हे माझ्या घरात रोज रात्री घडतं, त्यासाठी मला टोरांटोला जावं लागलं नाही.

पण आत काय आहे ते बघण्याआधी बाहेर काय आहे ते बघायला हवं, हा माझा आग्रह आहे. भाचीच्या गठ्ठ्यात एका विद्यार्थ्याचा कागद होता. ‘मन गुंतेल असं काहीतरी मला सापडतंच’ या वाक्यापुढे त्याने आकडा लिहिला नव्हता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कोण शिकवतंय त्यावर आहे.’ एक्सेलमध्ये समासाला रकाना नसतो. ती जागा आम्हाला रिकामी ठेवावी लागली.

यावरून आमच्या दोघींत वाद झाला आणि त्यातून एक जादा पान तयार झालं. काल दिवसभरात केलेल्या कामांपैकी कुठलं तुम्ही स्वतः निवडलं होतं? काम मध्येच थांबवून पाय मोकळे करायची मुभा तुम्हाला आहे का? काम कसं करायचं, याबद्दल तुमचं मत कुणी विचारतं का? तुम्हाला येतं पण करायला मिळत नाही, असं काही आहे का? शेवटचा प्रश्न आत्याचा, तिला न सांगता तिच्याकडून घेतलेला. भाचीच्या गाइड मॅडमनी स्पष्ट सांगितलं की ही प्रमाणित श्रेणी नाही, हिचे गुण बेरजेत धरायचे नाहीत, हवं तर परिशिष्टात जोडा. त्यांचं बरोबर आहे. चार प्रश्न सुचले म्हणून मोजमाप होत नाही, त्याला वर्षं लागतात, हे मी आता वाचून जाणते. परिशिष्टात तर परिशिष्टात.

पुढचा गठ्ठा रात्रपाळीच्या लोकांचा असणार आहे. भाची यावेळी कागद वाटून येणार नाही, शेजारी बसून वाक्यं वाचून दाखवणार आहे, म्हणजे कुणाला नुसती चारची रेघ ओढावी लागणार नाही. ते जादा पान मात्र आधी भरून घ्यायचं की शेवटी, यावर अजून एकमत नाही. मॅडम म्हणतात शेवटी, कारण आधी दिवसभराच्या कामाबद्दल विचारलं तर माणूस स्वतःबद्दलची 28 उत्तरंही त्याच नजरेने देईल. मला नेमकं तेच हवंय.